सीमेवर अडवलेला माणूस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घुसखोर, निर्वासित, बांगलादेशी, रोहिंग्या हे शब्द आता सोलापुरातही रोज कानावर पडतात. व्हॉट्सअॅपवरच्या गटांत, चहाच्या टपरीवर, निवडणुकीच्या सभेत त्यांवर ठाम मते मांडली जातात. सरकारने सीमेवर कोणाला अडवावे आणि कोणाला आसरा द्यावा, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. देशाची सुरक्षितता आणि जीव मुठीत धरून आलेल्या माणसाचे आयुष्य, दोन्ही त्यात पणाला लागलेले असते. मत कोणतेही असो, त्याच्या मुळाशी खरी माहिती हवी. म्हणून नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज येथे एकेक करून तपासू.

गैरसमज १ : हा सरहद्दीवरच्या राज्यांचा प्रश्न आहे, सोलापूरचा नाही.

वस्तुस्थिती : १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने सोलापूर हाच सरहद्दीचा जिल्हा होता. निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते आणि तुळजापूर, नळदुर्ग ही आपल्या शेजारची गावे त्याच्या हद्दीत होती. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांना भिऊन संस्थानातली अनेक कुटुंबे सोलापूर आणि बार्शीच्या आश्रयाला आली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी याच सरहद्दीवर कॅम्प उघडून लढा चालवला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याने संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

त्यानंतरचे पानही वाचायला हवे. या लष्करी कारवाईच्या, म्हणजे 'पोलीस अॅक्शन'च्या, काळात आणि नंतर झालेल्या हिंसेची पाहणी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडून करून घेतली. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. ते बहुतांश मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या काळात, आपल्या शेजारच्या एकाच पट्ट्यात, आधी एका आणि मग दुसऱ्या धर्माच्या माणसांवर जीव वाचवायला घर सोडण्याची पाळी आली. हे ज्या भागाने पाहिले, त्याला निर्वासितांचा प्रश्न परका म्हणता येणार नाही.

गैरसमज २ : निर्वासित, स्थलांतरित आणि घुसखोर, सगळे एकच.

वस्तुस्थिती : पोटासाठी गाव सोडणारा तो स्थलांतरित. तेलंगणातून येऊन सोलापूरच्या मागांवर घाम गाळणारी पद्मशाली कुटुंबे अशीच आली. उजनी धरणात ज्यांची गावे बुडाली ते विस्थापित. त्यांनी घर गमावले, पण देश नाही. निर्वासित हा याहून वेगळा. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. असा दावा केलेला, पण दाव्याचा निकाल न लागलेला माणूस आश्रयार्थी ठरतो. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडलेल्यांत मजूर असू शकतो, गुन्हेगार असू शकतो आणि खरा निर्वासितही असू शकतो. कोण कोणता, हे चेहऱ्यावरून कळत नाही; चौकशीनेच कळते. ही चौकशी व्हायच्या आधीच सर्वांना एक शिक्का मारणे, ही साऱ्या गोंधळाची सुरुवात आहे.

गैरसमज ३ : पूर्वी येईल त्याला आसरा मिळे, निर्बंध हे अलीकडचे.

वस्तुस्थिती : फाळणीच्या धामधुमीतच भारताने निर्बंध घातले होते. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचे झाले. राज्यघटनेच्या सहाव्या कलमातही हीच तारीख आहे. तिच्या आधी आलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग सोपा होता, नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागे. १९५२ मध्ये परमिटाची जागा पासपोर्टने घेतली.

दुसऱ्या महायुद्धात आलेल्या पोलिश निर्वासितांची एक कथा समाजमाध्यमांवर फिरते. अनाथ मुलांनी भरलेले जहाज बंदरोबंदर हाकलले गेले, मुंबईतही ब्रिटिशांनी नकार दिला आणि अखेर नवानगरच्या जामसाहेबांनी ते उतरवून घेतले, अशी ती कथा. जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे औदार्य अगदी खरे आहे. त्यांनी बालाचडी येथे मुलांसाठी कॅम्प उभारला. पण १९४२ मध्ये मुलांची पहिली तुकडी जहाजाने आली नव्हती. सोव्हिएत संघातल्या अश्गाबादहून इराणमार्गे ती ट्रकांतून खुष्कीने आली आणि त्याआधी सरकारी पातळीवर बोलणी झाली होती.

महाराष्ट्रातला मोठा कॅम्प कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होता. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, तेथे राहिली. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडले होते. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. पण हा मुक्काम ठरवून दिलेला आणि तात्पुरता होता. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारने उचलला होता. ते लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित वसले. आजची गांधीनगरची कापडपेठ ती हीच. वळिवड्याचा धडा असा, की निर्बंध आणि आसरा हे एकमेकांचे शत्रू नाहीत. नियम, नोंद, खर्चाची सोय आणि मुदत ठरवूनही हजारोंचे जीव वाचवता येतात.

गैरसमज ४ : भारतात निर्वासितांसाठी कायदा आहे.

वस्तुस्थिती : असा कायदा नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. परदेशी माणसाला १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५' लागू आहे. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संशयित माणसावरच असते. छळातून सुटून आलेल्यासाठी स्वतंत्र दाद मागण्याची व्यवस्था या कायद्यात नाही.

म्हणून भारतात आसरा मिळतो तो त्या त्या वेळच्या सरकारी निर्णयाने. १९५९ मध्ये दलाई लामा आणि त्यांच्यामागून आलेल्या तिबेटी लोकांना तो मिळाला. त्यांची एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली, तेव्हा साध्या पत्रावरही पाच पैशांचे निर्वासित मदतीचे जादा तिकीट लावावे लागे. देशाने हे ओझे उचलले, पण त्यातून कायमचा नियम घडला नाही.

गैरसमज ५ : राज्य सरकारने ठरवले तर ते आश्रय देऊ शकते.

वस्तुस्थिती : परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि हकालपट्टी हे विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि तेथील चिन जमातीचे लोक मिझोरामकडे धावले. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने ईशान्येकडच्या राज्यांना कळवले, की कोणालाही निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही आणि बेकायदा प्रवेश रोखा. मिझोरामचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितले, की हे आमचे रक्ताचे नातलग आहेत, त्यांच्या हालांकडे पाठ फिरवता येणार नाही. मिझोरामच्या गावांनी, चर्चनी त्यांना ठेवून घेतले.

भारत आणि म्यानमारमधल्या १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर दोन्ही बाजूंच्या रहिवाशांना १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करता येत असे. ही मोकळीक रद्द करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. पुढे १० किलोमीटरची मर्यादा आणि सीमा-पास अशी व्यवस्था आली.

गैरसमज ६ : करारावर सही नाही, म्हणजे परदेशी माणसाला येथे काहीच हक्क नाहीत.

वस्तुस्थिती : राज्यघटनेची कलमे १४ आणि २१, म्हणजे कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण, केवळ नागरिकांपुरती नाहीत, ती प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना हुसकावण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

याची मर्यादाही माहीत हवी. देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा कलम १९ चा हक्क फक्त नागरिकांना आहे. ८ एप्रिल २०२१ च्या रोहिंग्यांविषयीच्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तो आधार धरून परत पाठवणीला मनाई केली नाही; मात्र विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय कोणाला पाठवायचे नाही, असेही बजावले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे कार्ड हातात असले, तरी ते येथे राहण्याचा सरकारी परवाना ठरत नाही.

गैरसमज ७ : सीएए हाच आपला निर्वासित कायदा.

वस्तुस्थिती : सीएए म्हणजे नागरिकत्व कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती. ती नागरिकत्वाविषयी आहे, सीमेवर आसरा देण्याविषयी नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींनाच तिचा लाभ मिळतो. नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. अर्ज ऑनलाइन करायचा आणि जिल्हा समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात. श्रीलंकेचे तमिळ, तिबेटी, म्यानमारचे चिन किंवा रोहिंग्या यांत बसत नाहीत. उद्या एखादा माणूस जीव वाचवायला सीमेवर आला, तर त्याच्याबद्दल सीएए काहीच सांगत नाही.

गैरसमज ८ : आश्रय मागायला दुसरेच लोक जातात, आपले नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरून विनापरवाना आत शिरणाऱ्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते आणि त्यांतल्या अनेकांनी तेथे आश्रयासाठी अर्ज केले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. हातकड्या आणि पायांत साखळ्या घालून आणल्याचे कळल्यावर देशभर संताप उमटला. त्या विमानात महाराष्ट्राचेही तिघे होते. परत पाठवण्याचा अधिकार अमेरिकेला आहे, पण माणसाला असे वागवू नये, हेच आपण सारे तेव्हा म्हणत होतो. तीच कसोटी आपल्या सीमेवरही लागू पडते.

गैरसमज ९ : भाषा ऐकली, आधार कार्ड पाहिले, की कोण कुठला ते कळते.

वस्तुस्थिती : आधार हा रहिवासाशी जोडलेला ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी आपोआप नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. भाषेवरून केलेला तर्क तर त्याहून धोक्याचा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे समोर आल्यावर त्यांना परत आणावे लागले. ज्याच्या शहराच्या पूर्व भागात घरोघर तेलुगू बोलली जाते, बाजारात कन्नड आणि उर्दू ऐकू येते, अशा सोलापूरकराने बोलीवरून माणसाचा देश ठरवू नये.

मग आपण काय करावे?

परदेशी पाहुणा उतरला, तर लॉज आणि घरमालकाने त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. ते चुकवू नये. कोणाबद्दल संशय असेल, तर पोलिसांना कळवावे. जमाव करून कोणाचे कागद तपासण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेला नाही.

यापुढची जबाबदारी संसदेची आहे. सीमेवर तपासणी हवीच, नकार देण्याचा अधिकारही हवा. पण आलेल्याचे म्हणणे कोणी ऐकायचे, किती दिवसांत निर्णय द्यायचा, नकारावर अपील कोठे करायचे, हे लिहून ठेवणारा कायदा हवा. २०२२ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत अशा कायद्याचे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. लेखी कायद्याने सीमा सैल होत नाही. घातपात करायला आलेला आणि घातपातातून वाचून आलेला, या दोघांना वेगळे ओळखण्याची रीत सरकारच्या हाती येते. तिच्याअभावी निर्दोष माणूस तुरुंगात जाऊ शकतो आणि खरा धोका निसटू शकतो. म्हणून या कायद्याची मागणी सुरक्षिततेची काळजी असलेल्यांनी आणि माणुसकीची चाड असलेल्यांनी मिळून करायला हवी.