क्यूब भरणाऱ्याची परीक्षा

कांदिवली पूर्वेला द्रुतगती महामार्गावर पोयसर आणि आकुर्ली ही मेट्रोची दोन स्थानके आहेत. २ एप्रिल २०२२ रोजी या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याखालून जाताना आपण खांब पाहतो, पण त्यांतले काँक्रीट पुरेसे मजबूत आहे हे कसे ठरवले असेल, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. खांब काही फोडून पाहता येत नाही!

म्हणून त्याच काँक्रीटचे ठोकळे करून ते फोडतात. बांधकामावरची माणसे त्यांना ‘क्यूब’ म्हणतात. बाजू १५ सें.मी., घनफळ ३३७५ घन सें.मी., वजन सुमारे ८ किलो. साच्यातून दुसऱ्या दिवशी काढलेला क्यूब २७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ठेवतात आणि २८व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. समजा, काँक्रीट ‘एम ४०’ प्रतीचे आहे. म्हणजे दर चौरस मि.मी.ला ४० न्यूटन. क्यूबच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २२,५०० चौ.मि.मी. तेव्हा त्याने ९ लाख न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९२ टनांचा भार सोसायला हवा.

इथवर गणित सोपे आहे. अवघड आहे ते क्यूब भरणे. आय.एस. ५१६ या मानकाच्या १९५९च्या मूळ आवृत्तीप्रमाणे, हाताने भरताना सुमारे ५ सें.मी.चा एकेक थर घालून प्रत्येक थराला गजाने ३५ ठोके द्यायचे. तीन थरांचे झाले १०५. उन्हात कंटाळून कोणी निम्मेच दिले, तर आत हवा अडकते. ५ टक्के पोकळी राहिली तरी ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. चांगल्या खांबावर मग नाहक कमकुवतपणाचा शिक्का बसतो.

उलटही घडते. यंत्रातला भार मिनिटाला दर चौ.मि.मी. १४ न्यूटन या गतीने वाढवायचा असतो. म्हणजे एम ४०चा क्यूब फुटायला तीनेक मिनिटे लागतात. घाईने भार वाढवला तर आतल्या सूक्ष्म तड्यांना पसरायला वेळ मिळत नाही आणि तोच क्यूब अधिक मजबूत भासतो. ही चूक आम्हाला अधिक घातक वाटते, कारण तिच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही.

मानकाने एक पहारा ठेवला आहे. तीन क्यूबांच्या सरासरीपासून एकही क्यूब १५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. ४०, ४२ आणि ३२ असे आकडे आले, तर सरासरी ३८; ३२ हा आकडा जवळजवळ १६ टक्के खाली, म्हणून तो नमुनाच बाद. मात्र तिन्ही क्यूब सारख्याच हलगर्जीपणे भरले असतील, तर आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि तिन्ही चुकीचे असतात! हे आकडेमोडीने पकडता येत नाही. म्हणून माणसाचीच परीक्षा घ्यावी लागते.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रासाठी तंत्रज्ञाला लेखी परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षकासमोर चाचण्या स्वतः करून दाखवाव्या लागतात. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. आपल्याकडे वायरमनला परवाना लागतो, पण क्यूब भरणाऱ्याला तसा सरसकट परवाना नाही. एनएबीएल ही संस्था मान्यता देते ती प्रयोगशाळेला. कोणत्या चाचणीसाठी कोणते शिक्षण आणि प्रशिक्षण हवे हे प्रयोगशाळेने ठरवायचे, माणसाचे काम तपासायचे, मगच त्याला अधिकार द्यायचा आणि या साऱ्याची नोंद ठेवायची, अशी अट आहे. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेनेही प्रयोगशाळा व क्षेत्र तंत्रज्ञासाठी पात्रता ठरवली आहे. विज्ञानाची आवड आणि हाताला शिस्त असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ही वाट जरूर सांगावी.

काम नेहमी प्रयोगशाळेतच असते असेही नाही. २०२५ साली मुंबई महानगरपालिकेने रस्त्यांच्या काँक्रीटची ‘स्लंप’ चाचणी प्लँटवर आणि कामाच्या जागी, अशी दोनदा करण्याचा आग्रह धरला. शंकूच्या आकाराचा साचा उचलल्यावर ओले काँक्रीट किती खचते, ते यात मोजतात. वाटेत काँक्रीट घट्ट होत जाते, म्हणून खचणे कमी व्हायला हवे. वाढले, तर वाटेत कोणी पाणी मिसळल्याचा संशय येतो. पट्टी हातात घेऊन हे मोजणारा माणूस रस्त्याच्या कडेला, ट्रकचालक आणि मुकादम घाई करत असताना उभा असतो. क्यूबही तिथेच भरले जातात, आणि पुष्कळदा ते भरतो साइटवरचा मदतनीस. त्याचे नाव प्रयोगशाळेच्या नोंदवहीत नसते.