तिथीची पाऊणपट

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी दर महिन्याला दोनदा, आणि दर वेळी तीन-चार दिवस, नाहीसा होत असे. मुलगा गुणी, राहणार सातपाटीचा. हजेरीपटावरच्या त्याच्या रिकाम्या चौकटी पाहून एकदा मी त्याला हटकले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, बाबांबरोबर गेलो होतो. नवीन कवी मारायच्या होत्या."

मी त्या तासाला नेमके केशवसुत शिकवीत होतो. वर्ग खो खो हसला. मीही हसलो, पण तास संपल्यावर त्याला थांबवून घेतले.

कव म्हणजे भर समुद्रात, तळाशी खुंट ठोकून धरलेली मासेमारीची जागा. या खुंटांना डोळ बांधतात. डोळ म्हणजे तोंडाशी ऐसपैस आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे लांबलचक जाळे. हे जाळे माशाच्या मागे धावत नाही. ते प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासळी त्यात आणून घालते. तेव्हा पाण्याला ओढ हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणात, ती असते. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की पाणी मंदावते, जाळी किनाऱ्यावर येतात आणि फाटके सांधायला बसायचे. माझ्या हजेरीपटावर, मला नकळत, चंद्राच्या कला उमटत होत्या!

त्याच्या आग्रहावरून मी आश्विनात सातपाटीला गेलो. पालघर स्टेशनावर उतरून पश्चिमेला आठ-दहा किलोमीटर. मासेमारी कायद्याने १ जून ते ३१ जुलै बंद. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा. पण पाण्याचा खरा राग उतरतो तो नवरात्राच्या सुमारास. नैऋत्येचा वारा पडतो. पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा येतो. शिडांच्या काळात मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे, असे सारे वेळापत्रकच होते. आता होडीत इंजिन आहे, जागा दाखवणारे यंत्र आहे, खिशात मोबाइल आहे. पण डोळीला ढकलणारे पाणी मात्र अजून चंद्राच्याच ताब्यात.

आणि या उत्तर किनाऱ्यावर त्या पाण्याला जोर फार. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढते. उत्तरेला खंबायतच्या आखातात शिरावे तसे ते वाढत जाऊन भावनगरला दहा मीटरांच्या घरात पोचते. डोळीची मासेमारी याच पट्ट्यात फोफावली ती त्यामुळेच. बोंबीलही इथलाच. रत्नागिरीच्या खाली तो फारसा भेटत नाही. जवळ्यावर पोसलेला हा मासा पावसाळ्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत मुबलक मिळतो. (इंग्रजांनी त्याला 'बॉम्बे डक' म्हटले. टपालाच्या डाकगाडीवरून ते नाव पडले, अशी एक गोष्ट हौसेने सांगतात. पण आपल्याकडे आगगाडी आली १८५३ साली, आणि ते नाव त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडते. गोष्ट छान आहे, एवढेच.)

वाळूवर बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या. बायका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकीत होत्या. हात इतके चपळ की मला मोजता येईना. बोंबलात शेकडा ८५ च्या आसपास पाणीच. तीन-चार कडक उन्हे मिळाली तर सुका बोंबील. मध्येच ऑक्टोबरची एक सर आली तर खत. विद्यार्थ्याची आई आकाशाकडे बघत म्हणाली, "सर, तुम्हाला ऊन नको वाटतं, आम्हाला ढग नको."

संध्याकाळी त्याचे वडील भेटले. उभा जन्म तांडेलकी केलेले गृहस्थ. जेवताना ताटात सरंगा होता; आपण पापलेट म्हणतो तो. मी तोंडभर स्तुती केली, तर ते म्हणाले, "हा तुमच्यासाठी राखून ठेवला. जाळ्यात येतात ती त्याची पोरं." महाराष्ट्र सरकारने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरवले आणि त्याच वर्षी, १३५ मिलिमीटरांहून लहान पापलेट धरू नये असा नियमही केला. म्हणजे पाच इंचांहून थोडे अधिक. नियम त्यांना मान्य होता. "पण डोळीत शिरलेल्या पिल्लाला मी बाहेर कसं पाठवू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाजारात लहान पापलेट स्वस्त मिळाले म्हणून खूश होऊन मीच कितीदा पिशवी भरून आणली आहे, ते तेव्हा आठवले; बोललो नाही.

शरदातला समुद्र शांत, हेही पूर्ण खरे नाही. २०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते, आणि त्याच दिवसांत 'क्यार' नावाचे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात घोंगावत होते. ते ओसरते न ओसरते तोच 'महा' उठले. दोन्ही वादळे एकाच वेळी या समुद्रात होती. ऐन हंगामातल्या नौका बंदरांत अडकून पडल्या. त्या दिवाळीची आठवण काढताना घरात कुणी फटाक्यांविषयी बोलले नाही. वलांडीवर कुजलेल्या बोंबलांविषयी बोलले.

निघताना त्या मुलाने मला एक हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाही आणि रात्रीही. थोडे इकडेतिकडे होते, पण दिनदर्शिका भिंतीवर असली की काम भागते. शिवाय उधाणाचा खरा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतो. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज!

"मग भाऊबीजेला तू घरी की समुद्रावर?" मी विचारले.

"पहाटे समुद्रावर," तो म्हणाला. "खाडी गाळाने भरलीय, भरतीशिवाय होडी आत येत नाही. द्वितीयेची भरती दीडची. ताई दीडपर्यंत निरांजन लावतच नाही."