संगणकाला बसवलेला काटा

शीर्षक वाचून विज्ञान शाखेचा लेख चुकून आमच्या अंकात आला, असे कुणाला वाटेल. तसे नाही. मी द्वितीय वर्ष कला वर्गात इतिहास हा विषय घेतलेली विद्यार्थिनी आहे. मात्र आमचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, आणि तांब्याची तार, वार्निशचा वास व मीटरचे काटे यांतच मी लहानाची मोठी झाले.

वडील सातवीपर्यंत शिकले. पण विहिरीवरच्या पॅनेलपुढे उभे राहिले की अँमीटरच्या काट्यावरून ते मोटारीची प्रकृती सांगतात. मोटार सुरू होताना काटा उसळतो आणि लगेच खाली येऊन स्थिरावतो. स्थिरावल्यावरही तो नेहमीपेक्षा वर राहिला तर मोटार जड चालली आहे. बेअरिंग तरी धरले असेल किंवा आणखी काही अडकले असेल. नेहमीपेक्षा खाली उतरला तर पंपाने पाणी सोडले आहे. उपसण्याचे काम कमी, म्हणून वीजही कमी. नेमका आकडा ते क्वचितच वाचतात. काटा रोज कुठे असतो आणि आज कुठे आहे, एवढेच पाहतात.

गेल्या वर्षी टंकलेखन शिकण्यासाठी मी एक जुना संगणक घेतला. वडिलांनी त्याचे कॅबिनेट (ज्याला आपण सगळे सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो) चहूबाजूंनी निरखले आणि विचारले, “ह्यो आत्ता काम करतोय का नुसता बसलाय, ते कळायचं कसं?” मी पडद्यावर टक्केवारी काढून दाखवली. ती क्षणोक्षणी बदलत होती. “हे वाचेपर्यंत दुसरं येतंय की,” म्हणाले आणि दुकानात निघून गेले. मला उत्तर सुचले नाही.

पुढे वाचनात आले की, कॅबिनेटला जुन्या पद्धतीची गोल, काट्याची मापके बसवण्याचा छंद जगात अनेकांना आहे. प्रोसेसरवरचा भार, तापमान, पंख्याचा वेग अशा गोष्टी ते काट्यावर दाखवतात. पुष्कळांना केवळ शोभा हवी असते, हे खरे. पण कल्पना पोरकट नाही. १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या ‘बीबॉक्स’ या संगणकाच्या दर्शनी भागावर कारखान्यातूनच दिव्यांच्या दोन उभ्या रांगा येत. आत प्रोसेसर दोन, म्हणून रांगा दोन; ज्याच्यावर भार जास्त त्याची रांग उंच पेटे.

आता काटा हलतो कसा ते पाहू. तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवले. १८८२ मध्ये देप्रे आणि दार्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी रचना उलटी केली: चुंबक स्थिर ठेवला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये तारेचे हलके वेटोळे फिरते ठेवले. आजच्या ‘मूव्हिंग कॉइल’ मीटरचे तत्त्व हेच. प्रवाह वेटोळ्याला वळवतो, केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे ओढते, आणि दोन्ही जोर सारखे होतात तिथे काटा थांबतो. प्रवाह दुप्पट तर वळणही दुप्पट. म्हणून तबकडीवरच्या रेघा समान अंतरावर येतात.

हे मला आधी कळले असते तर एक रविवार वाया गेला नसता. दुकानाच्या भंगारातून ५०० व्होल्टचा एक देखणा व्होल्टमीटर मी उचलला होता. पाच व्होल्ट देऊन पाहिले, काटा ढिम्म. वडील हसले आणि तबकडीच्या खालच्या रेघांवर बोट ठेवले. त्या दाटीवाटीने होत्या. तो एसीचा, ‘मूव्हिंग आयर्न’ जातीचा मीटर होता. त्याचे वळण साधारणतः प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे शंभरावा भाग व्होल्टेज दिले तर वळण दहा हजारावा भाग! मग पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एक मिलिअँपियरचा मूव्हिंग कॉइल मीटर आणला.

संगणक आणि मीटर यांच्यामधला दुभाष्या म्हणजे आर्डुइनो उनो हे छोटे सर्किट. संगणकात पायथन भाषेतला चार ओळींचा प्रोग्राम भार किती ते विचारतो आणि यूएसबीच्या तारेने आर्डुइनोला कळवतो. अडचण अशी की, आर्डुइनोच्या त्या पिनेला दोनच गोष्टी येतात: पाच व्होल्ट किंवा शून्य. मधले काही नाही. घरातल्या पंख्याचे बटण भराभर चालू-बंद केले तर पंखा ना पूर्ण फिरतो ना थांबतो, मधल्याच गतीने फिरत राहतो. (हा प्रयोग घरी करू नये, बटण जाते.) आर्डुइनो हेच सेकंदाला सुमारे ४९० वेळा करते. काटा तेवढा चपळ नाही. तो सरासरी दाखवतो. पाच व्होल्टला एक मिलिअँपियर हवा, म्हणजे एकूण रोध ५००० ओहम. मी ३.९ किलोओहमचा रेझिस्टर आणि २ किलोओहमचा प्रीसेट एकामागोमाग जोडून, पूर्ण भाराला काटा शेवटच्या रेघेवर येईल असा प्रीसेट फिरवला. मीटर थेट पाच व्होल्टला जोडला तर वेटोळे जळू शकते.

कॅबिनेटला भोक पाडण्याआधी आतला मदरबोर्ड काढून ठेवला, कारण पत्र्याचा कीस त्यावर पडला तर शॉर्ट होते. ही काळजी मी घेतली आणि मीटर मात्र तबकडी बदलण्यासाठी उघडून शेजारीच ठेवला! चुंबकाने लोखंडाचा कीस ओढून घेतला आणि काटा चाळिसावर अडकला. वडिलांनी चिकटपट्टीच्या टोकाने एकेक कण टिपून काढला. तास गेला, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीटर लोखंडी पत्र्यात बसवल्यावर वाचन थोडे सरकू शकते, म्हणून प्रीसेट पुन्हा लावावा लागतो, हेही त्यांनीच सांगितले.

काटा प्रथम वेड्यासारखा नाचत होता. भार क्षणात पाचावरून नव्वदावर जातो. तेव्हा प्रोग्राममध्ये जुन्या वाचनाचे चार भाग आणि नव्याचा एक भाग असे मिश्रण केले. काटा संथ झाला. खरे पाहता ही थोडी लबाडीच आहे, कारण क्षणभराचा झटका आता दिसत नाही. पण वडिलांना जो काटा वाचता येतो तो असाच चालतो.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी हाक मारली, “पोरी, तुझं मशीन जड चाललंय गं. कोण बसलेलं नाही आणि काटा साठावर!” पाहिले तर एक अद्ययावतीकरण अर्धवट अडकून आतल्या आत पुन्हा पुन्हा सुरू होत होते. किती दिवस ते चालले होते कोण जाणे. पडदा बंदच होता.

तापमानासाठी दुसरे भोक पाडून ठेवले आहे. मी वापरते त्या पायथन साधनाला विंडोजमध्ये तापमान मिळत नाही, लिनक्समध्ये मिळते. तेव्हा परीक्षा आटोपल्यावर लिनक्स शिकायचे आहे. तोवर त्या भोकात वडिलांनी तो भंगारातला व्होल्टमीटर बसवून टाकला आहे. त्याला वायर जोडलेली नाही.