मानेवरचं छिद्र आणि आईवरचा ठपका



गेल्या महिन्यात एका गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. मांडीवर चार वर्षांची मुलगी. तिच्या मानेवर, एका बाजूला खाली, सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून अधूनमधून चिकट पाणी येतं. सासूबाईंचं म्हणणं, "पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात घेतलीस, त्याचं हे फळ." मी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का? ताई म्हणाल्या, "हिच्या बाबांना आहे की! पण त्यांना कुणी काही बोललं नाही."

म्हणून आज हा विषय.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या मानेच्या जागी घड्या असतात. पुढे त्या मिटून मान तयार होते. एखादी घडी पूर्ण मिटली नाही, तर जन्मतः छिद्र राहतं, किंवा आत पाण्याची पिशवी राहते. ती गाठ कधीकधी तरुणपणी, सर्दी-खोकल्यानंतर फुगून दिसते. यात ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही.

बहुतेक वेळा हे एकाच मुलात दिसतं, घराण्यात नसतं. पण काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या येतं. तेव्हा मानेसोबत आणखी दोन गोष्टी बिघडलेल्या असू शकतात: कान आणि मूत्रपिंड, म्हणजे किडनी. कानाच्या पाळीच्या पुढे बारीक खड्डा असतो, ऐकू कमी येतं. कुणाची किडनी लहान असते, कुणाची एकच असते. हा दोष आईकडून येऊ शकतो तसाच बाबांकडूनही. दोघांपैकी एकाला असेल तर प्रत्येक बाळंतपणात तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. एकाच घरात कुणाला नुसता खड्डा, तर कुणाला बहिरेपण, असंही होतं.

नुसत्या कानाजवळच्या खड्ड्याने घाबरू नका, तो पुष्कळांना असतो. पण मानेवर छिद्र किंवा गाठ, आणि घरात आणखी कुणाला तसंच, असं असेल तर हे करा:

१. ऐकण्याची तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी करून घ्या. घरात कुणाकुणाला काय आहे, ते डॉक्टरांना सांगा.

२. छिद्र दाबू नका, गाठ फोडू नका, डाग देऊ नका. वरवर चिरा दिला तर आतली नळी तशीच राहते आणि गाठ पुन्हा येते. नळीसकट पूर्ण काढावी लागते.

३. मानेची प्रत्येक गाठ जन्मतः नसते. टीबीनेही गाठ येते. निदान डॉक्टरांनाच करू द्या.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांना मूल दाखवा. पुढच्या उपचारासाठी ते जिल्ह्याला पाठवतात.

त्या ताई जाताना म्हणाल्या, "हाक मारली तर ही ओ देत नाही. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे." मुलीला ऐकूच कमी येत असेल, तर बोलणं आणि शाळा दोन्ही मागे पडेल. तिच्या तपासणीची तारीख आता ठरली आहे. सोबत बाबाही तपासून घेणार आहेत.

तुमच्या गटात असं कुणी असेल तर पुढच्या बैठकीत विषय काढा. ठपका नको, तपासणी हवी.