पाण्याला दाणा धरू न देण्याची घाई

साखर कारखान्यांच्या श्रीपूरला दाणा कसा धरतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गळीत हंगामात पॅनवरचा माणूस पाकाचा नमुना काचेवर घेऊन उजेडासमोर धरतो. दाणा सावकाश, एकसारखा वाढावा यातच त्याचं कसब. गोठवलेला नमुना पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तो नमुना तयार करणाऱ्याची धडपड नेमकी उलटी असते. पाण्याला दाणा धरायला सवडच द्यायची नाही!

मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेने (एनआयव्ही) देशातल्या पहिल्या करोनारुग्णाच्या नमुन्यातील विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रं प्रसिद्ध केली. त्यातला उत्तम टिकलेला एक कण 75 नॅनोमीटरचा होता. पद्धत जुनी आणि झटपट: नमुना जाळीवर घ्यायचा, जड धातूच्या क्षाराचं द्रावण लावायचं, सुकवायचं. विषाणू ओळखायला एवढं पुरतं. प्रथिनाची घडी अणूंपर्यंत वाचायची, तर मात्र ते पाण्यातच हवं. आणि सूक्ष्मदर्शकातल्या निर्वातात पाणी टिकत नाही. साधं गोठवलं, तर बर्फाचे स्फटिक नमुन्याची नासधूस करतात.

यावर 1980च्या दशकात हायडेलबर्गला झाक दुबोशे आणि सहकाऱ्यांनी तोड काढली. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर असला, तरी त्यात नमुना बुडवताच भोवती वाफेचं कवच तयार होतं आणि थंडावा मंदावतो. म्हणून त्या नायट्रोजनने गार केलेल्या द्रव इथेनमध्ये जाळी सपकन बुडवायची. पाण्याचे रेणू रांगेत लागण्याआधीच जागच्या जागी थिजतात आणि काचेसारखं पारदर्शक, स्फटिकहीन बर्फ मिळतं. या पायावर पुढे जे उभं राहिलं, त्यासाठी दुबोशे यांना 2017 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

खरी मेख बुडवण्याच्या आधी आहे. तीन मिलिमीटरच्या जाळीवर तीनेक मायक्रोलीटरचा थेंब ठेवतात, काही सेकंद टिपकागदाने टिपतात. उरतो तो शंभर नॅनोमीटरहूनही पातळ पापुद्रा. पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिनं मिलिसेकंदांत पोचतात. काही तिथेच उलगडून नासतात, काही एकाच कुशीवर चिकटतात. मग हजारो छायाचित्रं काढूनही दुसरी बाजू दिसत नाही. टिपकागदाचे ते काही सेकंद म्हणजे प्रथिनाच्या दृष्टीने युगच. म्हणून न्यूयॉर्कच्या संशोधकांनी इंकजेटसारखे सूक्ष्म थेंब जाळीवर उडवून, जाळीवरच्या तांब्याच्या नॅनोतारांकडून पाणी शोषून घेणारं यंत्र बनवलं. थेंब पडल्यापासून बुडेपर्यंतचा वेळ 100 मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली आणल्यावर काही प्रथिनांचं हे चिकटणं कमी झालं. थांबलं मात्र नाही.