‘वरचे’ या शब्दाची व्याप्ती

अर्भकाच्या पोषणासंबंधी मातांचे ज्ञान किती, हे ठरविण्यापूर्वी त्यांच्या शब्दांचे अर्थ निश्चित करावयास हवेत. ‘अंगावरचे’ व ‘वरचे’ ही जोडी या दृष्टीने विचारार्ह आहे. ‘अंगावरचे’ म्हणजे मातेचे दूध. ‘वरचे’ म्हणजे गाईम्हशीचे, शेळीचे अथवा डब्याचे दूध आणि पुढे वरणभातासारखे अन्न. पाणी व बाळघुटी या विभागणीबाहेर राहतात. पाणी हे अन्न नव्हे. जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून केलेली घुटी तर औषधच मानली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने २००१ मध्ये पुरस्कारिलेला नियम मात्र असा, की पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे. वैद्यकीय सल्ल्याची औषधे वगळता पाणीही त्यात निषिद्ध आहे. जामनेर तालुक्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेथे ‘वरचे काही देता काय?’ या प्रश्नास बाळाला पाणी पाजणारी माताही प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकेल. दोष उत्तराचा नसून प्रश्नाचा आहे.

त्याचा परिणाम बाळास भोगावा लागतो. दूषित पाण्याने अतिसार संभवतो. पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी ओढते व दूध कमी येऊ लागते. वस्तुतः मातेच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. यास्तव तावडी वा अहिराणी बोलणाऱ्या घरी पाणी, मध, घुटी यांची पृथक् नावे घेऊन, त्या घरच्याच शब्दांत, विचारणे अगत्याचे होय.