नर्सिंग शिकणाऱ्या मुलीची ड्यूटी येरवड्याला का लागते? पालकांनो, घाबरण्याआधी हे वाचा

आणे : 'याला येरवड्याला पाठवा' असं आपण चेष्टेत म्हणतो. पण नर्सिंगला घातलेल्या मुलीचा फोन येतो, "आई, आमची ड्यूटी मनोरुग्णालयात लागलीय", तेव्हा मात्र घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

ही शिक्षा नाही, अभ्यासक्रमच आहे. जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. दोन्हींत मानसिक आरोग्य हा विषय सक्तीचा आहे आणि वॉर्डात काम केल्याशिवाय तो पुरा होत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

तिथं सगळ्यात मोठा धडा असतो बोलण्याचा. समजा रुग्ण म्हणाला, शेजाऱ्यानं जेवणात विष कालवलंय. "काहीतरीच काय!" म्हणून वाद घालायचा नाही, "हो ना" म्हणून री ओढायची नाही. "तुम्हाला भीती वाटतेय, मी इथं आहे" असं शांतपणे सांगायचं. मग तो काय बोलला, आपण काय बोललो, हे शब्दन् शब्द लिहून मॅडमना दाखवायचं. हे आपल्यातल्या कितीजणांना जमेल?

गोळी दिल्यावर ती गिळली का, हेही बघायचं; काहीजण जिभेखाली धरून नंतर थुंकतात. अंग आखडणं, हात थरथरणं ही करणी नसते. काही गोळ्यांमुळे तसं होऊ शकतं, डॉक्टर डोस बदलून देतात. हे माहीत नसल्यानं घरचे गोळ्या परस्पर बंद करतात आणि आजार पुन्हा उसळतो. शुगरची गोळी आपण रंगदासस्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीलाही चारचौघांत घेतो, डोक्याची मात्र कपाटात लपवतो.

जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारायलाही मुलींना शिकवतात. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अशा घरात फवारणीचं औषध कुलपात हवं.

आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. हेही मुली शिकून येतात.

घरात कुणाला त्रास असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.